नुसत्या सीसीवर जाऊ नका, नुसत्या एचपीवरही नको

आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी एखाद्या इंजिन-पंपाच्या दुकानात अर्धा तास बसून पाहा. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं. एक, "किती एचपीचं?" आणि दुसरा, "कितीला पडेल?" सोबत मोटारसायकलवाला पोरगा असला तर तो तिसरा प्रश्न टाकतो, "सीसी किती?" दुकानदार तिन्ही आकडे सांगतो, आकडे खरेही असतात. तरीही पुष्कळ वेळा माल घरी गेल्यावर शेतकरी पस्तावतो.

एका शेतकऱ्याची हकीकत ऐका. त्यांच्या विहिरीवर वडिलांच्या वेळचं संथ चालणारं डिझेल इंजिन होतं. दोन मोठी चाकं, धक-धक असा आवाज, आणि हलवायचं तर चार माणसं लागायची. एचपी सहा. एका हंगामात ते भंगारात घातलं आणि एका हाताने उचलता येईल असं पाच एचपीचं पेट्रोल इंजिन आणलं. हिशोब सरळ होता, सहाच्या जागी पाच, फरक तो काय पडायचा? पहिल्या वर्षी पाणी बरोबर आलं. पण उन्हाळ्यात रोज आठ-आठ तास चालवताना पेट्रोलचा खर्च डोळ्यात भरू लागला आणि दुसऱ्या उन्हाळ्यात इंजिन धूर टाकू लागलं. मिस्त्री म्हणाला, "आतून घासलंय, बोअर करावं लागेल." शेतकरी म्हणाले, "पाच एचपी म्हणून सांगितलं आणि फसवलं!"

वाचकहो, फसवलं कुणीच नव्हतं. इंजिन खरोखर पाच एचपीचंच होतं. चूक झाली ती आकडा वाचण्यात. एचपी सांगतो की इंजिन या घडीला किती काम करील. ते काम कसं करील, किती तेल पिऊन करील आणि किती वर्षं करील, हे एकटा एचपी सांगत नाही. त्यासाठी सीसी, फेरे आणि इंजिनाची जात, असे तीन आकडे सोबत धरून वाचावे लागतात. आज तेच पाहू.

सीसी म्हणजे विहिरीचं माप

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. गोल विहिरीत पाणी किती, हे आपण कसं काढतो? घेराचं क्षेत्रफळ गुणिले पाण्याची खोली. सिलिंडरचंही तसंच आहे. किर्लोस्करच्या एव्ही-१ या शेतावरच्या जुन्या ओळखीच्या डिझेल इंजिनाचं उदाहरण घ्या. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर आणि पिस्टनची धाव ११ सेंटिमीटर. त्रिज्या ४, चार चोक सोळा, गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. त्याला अकराने गुणलं की ५५३ सीसी. झालं! सिलिंडर एकापेक्षा जास्त असले तर तेवढ्या पटीने वाढवायचं.

म्हणजे सीसी हे ताकदीचं माप नाही. पिस्टन एका धावेत किती हवा आत ओढू शकतो, त्या भांड्याचं ते माप आहे.

एचपी म्हणजे काम आणि वेळ

७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं म्हणजे एक एचपी. आपली बैलजोडी दिवसभराच्या कामात सरासरी एक एचपीच्या आसपासच ताकद देते. विहिरीचा हिशोब यावरूनच करता येतो. सेकंदाला १० लिटर पाणी १५ मीटर वर चढवायचं असेल तर १० गुणिले १५, म्हणजे १५०. त्याला ७५ ने भागलं की दोन एचपी. पण पंप, पाइप आणि वाकणं यांत जवळजवळ निम्मी ताकद खर्ची पडते, म्हणून इंजिन चार-पाच एचपीचं लागतं. आपल्या भागात पाच एचपीचा पंप इतका का खपतो, ते यावरून कळेल.

घमेलं लहान, खेपा जास्त

आता या दोघांची गाठ घालू. समजा बांधावर माती टाकायची आहे. एक गडी मोठं घमेलं भरून संथ चालतो. दुसरा लहान घमेलं घेऊन पळत खेपा घालतो. संध्याकाळी दोघांचे ढीग सारखेच निघू शकतात. घमेलं म्हणजे सीसी, खेपा म्हणजे मिनिटाचे फेरे, ज्याला दुकानदार आरपीएम म्हणतो, आणि दिवसाचा ढीग म्हणजे एचपी.

विहिरीवर दिसणारी तीन इंजिनं या हिशोबाला लावून बघा.

पहिलं, इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या जुन्या नमुन्याचं, ज्याच्या नकला राजकोटकडे वर्षानुवर्षं तयार झाल्या. सुमारे १४३० सीसी, फेरे मिनिटाला ६५०, ताकद ६ एचपी.

दुसरं, वर सांगितलेलं एव्ही-१. ५५३ सीसी, फेरे १५००, ताकद ५ एचपी.

तिसरं, लहान पेट्रोल इंजिन. १६३ सीसी, फेरे ३६००, ताकद सुमारे ४.८ एचपी.

पहिल्याचं पोट तिसऱ्याच्या जवळजवळ नऊपट आहे, आणि ताकद फक्त सव्वापट! ही तिन्ही इंजिनं चार स्ट्रोकची, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेणारी. म्हणून सीसी गुणिले आरपीएम भागिले दोन केलं की मिनिटाला किती हवा आत जाते ते निघतं. पहिलं सुमारे ४६५ लिटर, दुसरं ४१५ लिटर, तिसरं २९० लिटर. आता आकडे जवळ आले की नाही? जिथे सीसीत नऊपट अंतर दिसत होतं तिथे हवेत दीडपट उरलं.

उरलेलं अंतर कुठून आलं? ते डिझेल आणि पेट्रोल या जातींमधलं आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच मिसळून येतं, त्यामुळे आत गेलेली जवळजवळ सगळी हवा कामी येते. डिझेल शेवटच्या क्षणी फवाऱ्याने आत शिरतं. मिसळायला वेळ कमी, म्हणून काही हवा राखीव ठेवावीच लागते. ती राखीव हवाही वापरायला गेलं की काळा धूर निघतो.

बुलेटची जोडी आठवते का? पेट्रोलची बुलेट ३४६ सीसी, ताकद १८ एचपी. त्याच धाटणीची डिझेल बुलेट निघाली होती, ती ३२५ सीसी आणि ताकद केवळ साडेसहा एचपी. पेट्रोलवाली मिनिटाला साडेपाच हजारांवर फेरे घेई, डिझेलवाली ३६०० वर थांबे. चढावर डिझेल बुलेट रडायची, पण एका लिटरमध्ये जे अंतर कापायची त्यावर शेतकरी आणि दूधवाले खूश असत.

मग मारुतीला नांगर का जुंपत नाही?

गावच्या पारावर हा प्रश्न हमखास निघतो. मारुती ८०० ही गाडी २०१४ साली बनायची बंद झाली, पण गावोगाव अजून दिसते. इंजिन ७९६ सीसी, ताकद ३७ एचपी. इकडे स्वराज ७३५ ट्रॅक्टरचं इंजिन २७३४ सीसी, ताकद ४० एचपीच्या घरातली. पोट साडेतीनपट, ताकद जवळपास तेवढीच!

गणित तेच. मारुती ही ताकद ५००० फेऱ्यांवर देते, ट्रॅक्टर १८०० वर. ढीग सारखा, पण एका खेपेचं वजन वेगळं. या खेपेच्या वजनाला, म्हणजे इंजिनाच्या पिळाला, टॉर्क म्हणतात. तो काढायची रीत सोपी आहे. एचपीला ७१६ ने गुणा आणि आरपीएमने भागा, किलो-मीटरमध्ये उत्तर येतं. मारुतीचा त्या वेगाला सव्वापाच किलो-मीटर, ट्रॅक्टरचा जवळजवळ सोळा. सरळ तिप्पट.

कुणी म्हणेल, गिअरने टॉर्क वाढवता येतो की! बरोबर आहे, येतो. गिअर लावून मारुतीच्या इंजिनालाही चाकावर भरपूर पीळ देता येईल. पण मग तिला दिवसभर पाच हजार फेऱ्यांवर, पूर्ण दाबाखाली पळावं लागेल. गाडीचं इंजिन रस्त्यावर क्वचितच अशी पूर्ण ताकद लावतं, दोन-चार मिनिटं ओव्हरटेक करताना, घाट चढताना, एवढंच. नांगराला मात्र सकाळपासून दिवे लागेपर्यंत तीच ताकद सलग हवी. शिवाय काळ्या रानात फाळ दगडाला किंवा घट्ट ढेकळाला अडला की ट्रॅक्टरचं इंजिन दबतं, फेरे उतरतात, पण फेरे उतरताना त्याचा पीळ वाढतो आणि ते निघून जातं. चालकाला गिअर बदलावा लागत नाही. आणि शेवटची गोष्ट वजनाची. पावणेदोन-दोन टनांच्या ट्रॅक्टरची चाकं मातीत पकड धरतात, साडेसहाशे किलोच्या गाडीची चाकं जागेवरच फिरतील.

सिलिंडर एक की तीन?

लहान ट्रॅक्टर घेणाऱ्यांना हा पेच पडतो. आयशर २४२ हा एका सिलिंडरचा ट्रॅक्टर १५५७ सीसीचा, ताकद २५ एचपी. कुबोटाचा निओस्टार बी २४४१ तीन सिलिंडरचा, पण तिन्ही मिळून सीसी फक्त ११२३, फेरे २६००, ताकद २४ एचपी. आकार मोठा तो जास्त ताकदीचा, हा समज इथे गळून पडतो.

कारण असं की मोठा, जड पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबून उलटा फिरवावा लागतो. जड वस्तू झपाझप उलटी करता येत नाही, म्हणून मोठा एकटा सिलिंडर संथ चालतो. लहान हलके पिस्टन जोरात पळतात आणि तिघे पाळीपाळीने धक्का देत असल्यामुळे इंजिन थरथरत नाही. द्राक्षबागेत, डाळिंबात अरुंद ओळीत फवारणीला हे बरं. उलट एका सिलिंडरच्या इंजिनाला भाग कमी आणि दुरुस्ती सोपी. तेव्हा चांगलं-वाईट असं काही नाही, काम कोणतं ते आधी ठरवा.

दोन स्ट्रोकचा भुलवा

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा धक्का देतं, दोन स्ट्रोकचं प्रत्येक फेऱ्यात. मग त्याच सीसीत दुप्पट ताकद यायला हवी. येते का? जुन्या मोटारसायकली आठवा. यामाहा आरएक्स १००, दोन स्ट्रोकची, ९८ सीसी आणि ११ एचपी. हिरो होंडा सीडी १००, चार स्ट्रोकची, ९७ सीसी आणि ताकद सात-साडेसात एचपी. दीडपट मिळाली, दुप्पट नाही. कारण दोन स्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येतं तेव्हाच जुना धूर बाहेर जात असतो आणि थोडं कोरं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जातं. ताकद मिळाली, पण तेल वाया गेलं. रस्त्यावरून त्या गाड्या गेल्या त्या यामुळेच.

शेतात मात्र दोन स्ट्रोक अजून आहे. पाठीवरचा पॉवर स्प्रे, गवत कापायचं यंत्र, झाड कापायची करवत. पाठीवर घ्यायचं म्हणजे वजन कमी हवं, तिथे दोन स्ट्रोक शोभतं. पण "५२ सीसी विरुद्ध ३५ सीसी" अशी तुलना करताना आधी विचारा, स्ट्रोक किती? दोन स्ट्रोकवाल्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. पुस्तकात दिलेलं प्रमाण चुकलं तर इंजिन एका दिवसात जाम होतं.

टर्बोने गणित बदललं

महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन येई, ताकद ६२ एचपी. नंतरच्या स्कॉर्पिओत २१७९ सीसीचं एमहॉक इंजिन आलं, ताकद १२० एचपी. दोन्ही डिझेल, घमेलं जवळपास तेवढंच, मग ढीग दुप्पट कसा? इथे घमेलं दाबून भरलं आहे. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो हवा कोंबून आत घालतो. कोंबलेली हवा थंड करायला इंटरकूलर, आणि तेल अचूक मोजून देणारी कॉमन रेल.

ट्रॅक्टरमध्येही हे आलं आहे. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे, कडक नियम लागू झाले आणि त्या गटात कॉमन रेलची इंजिनं आली. अशा इंजिनाला जुन्या इंजिनासारखं वागवून चालत नाही. डब्यातलं गाळ बसलेलं डिझेल, महिनोन्महिने न झटकलेला एअर फिल्टर त्याला सोसत नाही. टर्बोवालं इंजिन कामावरून आल्याबरोबर खटकन बंद करू नका, मिनिटभर संथ चालू द्या म्हणजे टर्बोला ऑइल मिळत राहून तो निवतो.

आणि एक गोष्ट कानात सांगण्यासारखी. काही मिस्त्री डिझेल पंपाची सेटिंग वाढवून "ताकद वाढवून देतो" म्हणतात. सीसी तेवढेच, फेरे तेवढेच, म्हणजे हवा तेवढीच. हवा न वाढवता तेल वाढवलं तर थोडा जोर जाणवतो, पण बाकीचं डिझेल काळा धूर होऊन तुमच्या पैशानिशी आकाशात जातं. पिस्टन तापतो, ऑइल लवकर खराब होतं. हा सौदा करू नका.

तेलाचा हिशोब

चांगल्या स्थितीतलं डिझेल इंजिन भरल्या कामावर एका एचपीला तासाला साधारण पाव लिटरच्या आत डिझेल घेतं. पाच एचपीला तासाला एक-सव्वा लिटर धरा. लहान पेट्रोल इंजिनाला तेवढ्याच कामाला सुमारे दीडपट पेट्रोल लागतं, आणि पेट्रोलचा लिटरचा भावही चढा. दिवसाला तासभर भाजीपाल्याला पाणी द्यायचं, पंप एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यायचा, तर हलकं पेट्रोल इंजिन सोयीचं आहे. ऊस जगवायला रोज आठ तास चालवायचं असेल तर तेच इंजिन घर धुऊन नेईल. आपल्या त्या शेतकऱ्यांचं नेमकं हेच झालं. त्यांच्या जुन्या इंजिनाला तासाला ३९ हजार फेरे पडत होते, नव्याला २ लाख १६ हजार. आठ तासांच्या कामाला जे धिम्या चालीचं हवं होतं, तिथे पळणारं आणलं.

खरेदीआधी हे विचारा

एक. एचपी किती आरपीएमला? हा दुसरा आकडा मिळाल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही.

दोन. सीसी किती, स्ट्रोक किती, डिझेल की पेट्रोल, टर्बो आहे की नाही? एकाच जातीच्या दोन इंजिनांतच सीसीची तुलना करा.

तीन. ट्रॅक्टर असेल तर पीटीओ एचपी किती? पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटरला, फवाऱ्याला पोचते ती पीटीओची ताकद, साधारण ८५ टक्के. ४० एचपीच्या ट्रॅक्टरला ४० एचपी मागणारा रोटाव्हेटर जोडला की तो दम टाकणारच.

चार. पूर्ण भारावर तासाला तेल किती? मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टर तपासले जातात. तिथल्या अहवालात पीटीओची ताकद, तेलाचा खप आणि ओढ मोजून लिहिलेली असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा.

ग्रामसेवक, कृषी सहायक आणि सोसायटीच्या सचिवांनाही एक विनंती. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत ट्रॅक्टरचे गट पीटीओ एचपीवर पाडलेले आहेत, इंजिनाच्या एचपीवर नाहीत. शेतकरी मात्र पत्रकावरचा आकडा घेऊन येतो. अर्ज भरताना दोन मिनिटं काढून त्याला हा फरक समजावून सांगा, म्हणजे कागद परत येणार नाही आणि कर्ज काढून भलताच ट्रॅक्टर दारात उभा राहणार नाही.

बैल घेताना आपण नुसती शिंगं पाहत नाही. खूर पाहतो, दात मोजतो, चार पावलं चालवून बघतो. इंजिनाला दात नाहीत, पण त्याच्या अंगावर एक पत्रा ठोकलेला असतो. त्यावर सीसी, आरपीएम आणि एचपी किंवा किलोवॅट असे आकडे असतात. किलोवॅट असेल तर त्याला १.३४ ने गुणा, एचपी निघेल. पुढच्या बाजारी दुकानात गेलात की भाव विचारायच्या आधी तो पत्रा वाचा.